वेळेवर मारलेली थाप

जर्मन माणसाबद्दलच्या काही समजुती आपल्या डोक्यात इतक्या घट्ट बसल्या आहेत की प्रत्यक्ष जर्मनांनाही त्या हलवता आलेल्या नाहीत. तो वक्तशीर असतो, कागदपत्रांचा पक्का असतो, थापा मारत नाही आणि विनोदाच्या वाटेला जात नाही. यातल्या वक्तशीरपणाला जर्मन रेल्वेने अलीकडे बऱ्यापैकी सुरुंग लावला आहे, पण बाकीचं चित्र शाबूत आहे. युरोपच्या सहलीला निघालेला मराठी माणूस हे चित्र इथून घेऊन जातो आणि न उलगडता परत आणतो, कारण सहलीवाले त्याला जर्मनीच्या दक्षिणेतच फिरवतात. ब्लॅक फॉरेस्टमध्ये कोकिळेचं घड्याळ दाखवलं, केक खाऊ घातला की बस स्वित्झर्लंडकडे वळते. उत्तरेला एकोणीस लाखांच्या आसपास वस्तीचं हॅम्बुर्ग नावाचं बंदर आहे, हे त्याला बहुधा बर्गरच्या नावावरूनच माहीत असतं. हळहळ अशासाठी की त्या समजुती खिळखिळ्या करायला हे एकच गाव पुरेसं आहे. हॅम्बुर्ग उभं आहे ते थापांवर. नुसती थाप मारणं काही विशेष नव्हे, ते कुठल्याही गावाला जमतं. हॅम्बुर्गची खुबी पुढची आहे. तिथे एकदा थाप मारली की तिची रीतसर नोंद होते, तिला वेळापत्रक मिळतं, जमलं तर एक पगारी माणूस मिळतो आणि मग शतकानुशतकं ती इमानेइतबारे पाळली जाते. शिस्त आणि मौज यांचा छत्तीसचा आकडा आहे असं मानणाऱ्यांना हे पटायचं नाही, पण त्या गावात जी धमाल चालते ती शिस्त मोडून आलेली नाही. थाप शिस्तीने पाळल्यामुळे आली आहे.

सुरुवात कागदापासूनच करावी, कागद हा जर्मनांचा हळवा विषय. हॅम्बुर्ग बंदराचा वाढदिवस ७ मे. त्या दिवशी, ११८९ साली, सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने गावाला सनद दिली आणि तिथून समुद्रापर्यंत एल्ब नदीवर जकात माफ केली, असं ती सनद सांगते. अडचण एवढीच की ती बनावट आहे. उपलब्ध कागद तयार झाला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सम्राटाला जाऊन दोन-तीन पिढ्या उलटल्यावर. नदीवरच्या हक्कांवरून तंटे होते, पुरावा हवा होता, तो लिहून काढला. सम्राट निवडतानाही डोकं लावलेलं दिसतं. बार्बारोसा ११८९ सालीच धर्मयुद्धावर निघाला आणि पुढच्या वर्षी आजच्या तुर्कस्तानातल्या एका नदीत बुडाला, तेव्हा खातरजमा करायची तर कुणाकडे? इतिहासकारांनी हा बनाव कधीच उघडा पाडला आहे. दुसरं एखादं गाव ओशाळलं असतं, निदान एक समिती तरी नेमली असती. हॅम्बुर्गने १९७७ पासून त्याच तारखेभोवती मोठा उत्सव सुरू केला आणि १९८९ साली आठशेवा वाढदिवस दणक्यात केला. मे महिन्यातल्या त्या दिवसांत शिडांची जुनी जहाजं, युद्धनौका, आगबोटी ओळीने बंदरात शिरतात, काठावर लाखो माणसं उभी असतात, आणि टगबोटींचा बॅले होतो. एरवी अवाढव्य जहाजांना ढुशा देत धक्क्याला लावणाऱ्या, बुटक्या आणि पोट सुटलेल्या या बोटी वाजणाऱ्या संगीतावर एकमेकींभोवती गिरक्या घेतात. हे सगळं एका खोट्या कागदाच्या सन्मानार्थ. आणि तो कागद खोटा आहे हे गाव स्वतःच पाहुण्यांना सांगतं, लपवत नाही. पुढची गंमत अशी की ज्या बंदराच्या जन्माचा दाखला बनावट, ते आज जर्मनीतलं सर्वांत मोठं बंदर आहे. रॉटरडॅम आणि अँटवर्प सोडलं तर युरोपात त्याच्यापुढे कुणी नाही, आणि मापाच्या हिशेबाने वर्षाला पाऊण कोटीच्या वर कंटेनर तिथून हलतात. दाखला खोटा निघाला म्हणून मूल नापास झालं नाही.

बंदर म्हटलं की समुद्र आलाच, असं आपण धरून चालतो. हॅम्बुर्गला समुद्र नाही. तो शंभर किलोमीटर पलीकडे, एल्बच्या मुखाशी आहे. गावात आहे ती नदी, आणि तिच्यात दिवसातून दोनदा भरती येते एवढाच समुद्राचा तिच्याशी संबंध. पण गावाने आपण सागरी असल्याचं इतकं मनावर घेतलं आहे की त्यासाठी नदीचा तळ सतत खरवडत बसावं लागतं. चारशे मीटर लांबीची जहाजं आत यावीत म्हणून एल्ब एकदा-दोनदा नाही, नऊ वेळा खोल केली गेली. नववी खेप २०२२ च्या सुरुवातीला पूर्ण झाली, तोवर पर्यावरणवाद्यांशी वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली, आणि गाळ मात्र कोर्टाचा निकाल न वाचता पुन्हा भरत राहिला. साधा हिशेबी माणूस म्हणेल, समुद्राकाठीच नवं बंदर बांधा की! त्याला हॅम्बुर्ग कळलेलं नाही. जे नाही ते आहे असं दाखवायला कष्ट पडतातच, आणि कष्टाला ते गाव भीत नाही.

याच नदीवर, गावाच्या हद्दीबाहेर लगेचच, वेडेल इथे १९५२ पासून जहाजांचं स्वागत केलं जातं. नदीकाठी एक उपाहारगृह आहे, शेजारी झेंड्याची काठी आणि ध्वनिक्षेपक. मोठं जहाज समोरून जाऊ लागलं की काठीवरचा झेंडा सलामीला खाली येतो आणि जहाजावर ज्या देशाचा झेंडा असेल त्या देशाचं राष्ट्रगीत वाजतं. मग स्वागताच्या कामावरचे एक गृहस्थ त्या जहाजाची लांबी, वजन, बांधणीचं साल, सगळी कुंडली वाचून दाखवतात. केक खाणारी मंडळी काटा खाली ठेवून ऐकतात. कल्पना भव्य आहे, पण सागरी व्यापारात झेंडा ही आता भावनेची बाब राहिली नसून कराची बाब झाली आहे. मालक जर्मन, खलाशी फिलिपिनो, पोटात चिनी माल आणि शेपटाला झेंडा लायबेरियाचा, असला संसार समोरून जात असतो. त्यामुळे लायबेरिया आणि पनामा या देशांची राष्ट्रगीतं एल्बच्या काठी जितकी निष्ठेने वाजतात तितकी खुद्द त्या देशांत तरी वाजत असतील का, शंका आहे. जहाजावर दाद द्यायला कुणी डेकवर असतंच असंही नाही. तरी काठावरचा झेंडा खाली येतो तो येतोच. राष्ट्रगीताच्या बाबतीत हॅम्बुर्गचं एक ऋण मात्र आपल्यावर आहे आणि तिथे थट्टेला जागा नाही. ११ सप्टेंबर १९४२ रोजी, भर युद्धात, नाझी अमलाखालच्या त्या शहरात एका भारत-जर्मन संस्थेच्या उद्घाटनाला सुभाषचंद्र बोस उपस्थित होते, आणि तिथे ‘जन गण मन’ वाद्यवृंदावर भारताचं राष्ट्रगीत म्हणून वाजलं. देश स्वतंत्र व्हायला पाच वर्षं होती आणि ते गीत अधिकृत व्हायला त्याहून जास्त, १९५० उजाडलं. अजून जे घडलं नाही त्याला घडलं असं मानून मानवंदना द्यायला त्या दिवशी गावाची निवड अगदी योग्य झाली होती.

पगारी माणूस नेमतात असं वर म्हटलं, ती अतिशयोक्ती नव्हे. गावाच्या मधोमध आल्स्टर नावाचं देखणं तळं आहे, त्यात शिडाच्या होड्या, काठी पांढरीशुभ्र हॉटेलं. हे तळंही खरं तळं नाही. मध्ययुगात पाणचक्कीसाठी आल्स्टर नदीला बांध घातला, पाणी अपेक्षेपेक्षा जास्त पसरलं, पुढे चक्की गेली आणि पाणी राहिलं. या पाण्यावर हंस आहेत, आणि हंस आहेत तोवर हॅम्बुर्ग स्वतंत्र राहील अशी दंतकथा आहे. आपल्याकडे अशी दंतकथा आजीच्या ताब्यात असते, तिथे ती सरकारच्या ताब्यात आहे. १६७४ पासून त्या हंसांची देखभाल करायला नगराचा अधिकृत माणूस आहे, आणि लोक त्याला हंसांचा बाप म्हणतात. हिवाळा तोंडावर आला की तो आणि त्याचे मदतनीस होड्या घेऊन निघतात, एकेका हंसाला मानेसकट सांभाळून उचलतात, होडीत बसवतात आणि गावातल्याच एका दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडतात. तिथलं पाणी गोठू नये अशी व्यवस्था केलेली असते. वसंतात हीच वरात उलटी निघते. दोन्ही वेळा छायाचित्रकार हजर. आता स्वातंत्र्य हंसांवर अवलंबून नाही हे हॅम्बुर्गच्या अर्थखात्याला माहीत नसेल असं नाही. नेपोलियनने ते गाव गिळलं तेव्हा हंसांनी काय केलं, हा प्रश्न विचारणंही सोपं आहे. पण दंतकथेला एकदा अंदाजपत्रकात जागा मिळाली की तिचं खरं-खोटं कोण करतो? हिशेब तपासनीस फार तर गवताच्या पेंढ्या मोजेल.

आणि मग मासळी बाजार. रविवारी पहाटे, उन्हाळ्यात पाचला आणि हिवाळ्यात सातला, एल्बच्या काठी तो उघडतो आणि साडेनऊला बंद होतो. ही वेळ १७०३ सालच्या तोडग्यातून आली. मासे सोमवारपर्यंत टिकत नाहीत असं कोळी म्हणत होते, रविवार देवाचा आहे असं धर्मसत्ता म्हणत होती, तेव्हा प्रार्थनेआधी काय ते उरका असं ठरलं. पुढे माशांना बर्फ मिळाला, मग शीतकपाट मिळालं, आणि प्रार्थनेला जाणारे पार विरळ झाले, पण साडेनऊ म्हणजे साडेनऊ. या मासळी बाजारात सर्वांत मोठा आवाज केळीवाल्याचा असतो. ट्रकच्या फळीवर उभा राहून तो टोपलीत अननस टाकतो, त्यावर आंबे, त्यावर द्राक्षं, प्रत्येक फळागणिक भाव तोच राहतो आणि ओरडणं एक पट्टी वर जातं. शेवटी केळ्यांचा एखादा घड गर्दीच्या डोक्यावरून भिरकावतो. फुलझाडं आहेत, चीज आहे, मोजे आहेत. मासे नाहीतच असं नव्हे. धुरावलेली वाम विकणारे पिशवीत एक वाम, मग बांगड्यासारखा दुसरा मासा, मग रावसाच्या जातीचा तिसरा कोंबत गिऱ्हाइकाला शिव्याच देत असतात, आणि गिऱ्हाईक त्या शिव्यांसाठीच उभं असतं. मागे १८९६ ची लिलावाची देखणी इमारत आहे, लोखंड, काच आणि वर घुमट. तिथे लिलाव होत नाही, रॉकचा बँड वाजतो आणि लोक न्याहारीला बिअर पितात. निम्मी गर्दी पहाटे उठून आलेली, निम्मी रेपरबान या दारू-नाचाच्या रस्त्यावर रात्रभर जागून आलेली. दोघांना एकाच बाकावर बसवून दाखवणारी दुसरी संस्था निदान जर्मनीत नसावी.

यावर कुणी म्हणेल, असल्या थापा कुठल्या गावात नाहीत? व्हेरोनात ज्युलिएटची गच्ची दाखवतात, लंडनमध्ये शेरलॉक होम्सचं घर. प्रवासी आला की गाव नाटक करतं, त्यात एवढं कौतुक कसलं? आक्षेप रास्त आहे, पण फरकही मोठा आहे. व्हेरोनाचा माणूस त्या गच्चीखाली बायकोला घेऊन जात नाही. हॅम्बुर्गच्या थापा मुख्यतः घरच्यांसाठी आहेत. वर्षातून तीनदा तिथे मोठी जत्रा भरते, तिचं नाव डोम, म्हणजे कॅथेड्रल. एके काळी खराब हवेत विक्रेते गावच्या कॅथेड्रलमध्ये आडोशाला दुकानं मांडत. ते कॅथेड्रल एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाडलं, जत्रा दुसऱ्या मैदानात गेली, नाव मात्र सोडलं नाही. शुक्रवारी रात्री आकाशपाळण्यामागे आतषबाजी होते तेव्हा खाली पोराला खांद्यावर घेऊन उभा असलेला बाप हॅम्बुर्गचाच असतो, पर्यटक नव्हे. शिवाय पर्यटकाला लुबाडायचंच असतं तर गावाने त्याला ६२ नंबरच्या फेरीबोटीचा पत्ता दिला नसता. शहरातल्या बस-मेट्रोचं साधं तिकीट त्या बोटीवर चालतं आणि महागड्या सफरीच्या होडीतून दिसणारे बरेचसे क्रेन तिच्यातूनही दिसतात. आणखी एक गोष्ट अशी की हॅम्बुर्ग थाप मारतं ती पुष्कळदा स्वतःच्या विरुद्ध. आमच्याकडे सदा पाऊस, असं तिथे जो तो सांगतो. प्रत्यक्षात म्युनिचमध्ये हॅम्बुर्गहून जास्त पाऊस पडतो, आणि मुंबईच्या पावसाळ्याशी तर तुलनाच नको. हॅम्बुर्गचा पाऊस थोडाच असतो, फक्त तो हप्त्याने पडतो. तेवढ्या भांडवलावर त्यांनी अख्ख्या देशात पावसाळी म्हणून नाव काढलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. खोट्या कागदावर नाचणारं गाव जबाबदार कसं म्हणायचं? याचं उत्तर व्यापाऱ्याच्या दोन चोपड्यांत आहे. एका चोपडीत गमतीजमती लिहाव्यात, दुसरीत पाणी. १६ फेब्रुवारी १९६२ च्या रात्री उत्तर समुद्रातलं वादळ नदीतून वर घुसलं, बांध फुटले आणि हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसं गेली. त्यानंतर बांध उंच झाले, आणि जुन्या बंदराच्या जागेवर उभारलेली हाफनसिटी ही नवी वस्ती मुळातच उंच भरावावर चढवली. मासळी बाजाराची जागा मात्र अजूनही बांधाच्या बाहेर आहे, वादळी हिवाळ्यात तिथे पाणी भरतं, तेव्हा इशारा वेळेत येतो आणि लोक गाड्या वेळेत हलवतात. समुद्र शंभर किलोमीटर दूर असल्याचं विसरायची मुभा आहे, तो येऊ शकतो हे विसरायची नाही. हीच दुसरी चोपडी रेपरबानवरही उघडी असते. दिव्यांचा झगमगाट, दारू, नाच, देहविक्रय, सगळं तिथे आहे, आणि या सगळ्याच्या नाकासमोर पोलीस चौकीही आहे. १७ ऑगस्ट १९६० रोजी लिव्हरपूलची पाच पोरं तिथल्या इंद्रा नावाच्या क्लबात वाजवायला उभी राहिली. पुढे जग त्यांना बीटल्स म्हणून ओळखणार होतं. रात्र-रात्र वाजवून घेत हॅम्बुर्गने त्यांना तयार केलं, सोबतीच्या धंद्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण नोव्हेंबरात असं आढळलं की जॉर्ज हॅरिसन सतराच वर्षांचा आहे आणि अज्ञान मुलाने रात्री उशिरा क्लबात थांबणं कायद्यात बसत नाही. त्याला देशाबाहेर पाठवलं. पाप चालेल, जन्मतारीख चुकवून चालणार नाही.

आता या सगळ्या मांडणीला खरा धक्का बसतो तो एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहापाशी, कारण तिथे वेळापत्रकच कोसळलं. कोको, चहा, तंबाखू साठवायच्या एका जुन्या विटांच्या गोदामावर काचेची लाट चढवायची, असा बेत होता. नगराच्या तिजोरीतून ७.७ कोटी युरो लागतील असं सांगितलं होतं, २०१० मध्ये पडदा उघडणार होता. पडदा उघडला ११ जानेवारी २०१७ ला आणि नगराला खर्च पडला ७८.९ कोटी. दहापट! दरम्यान हॅम्बुर्गमध्येच, वखारींच्या जुन्या वस्तीत, जगातली सर्वांत मोठी खेळण्यातली रेल्वे आहे. तिथे दर पंधरा मिनिटांनी रात्र होते आणि बोटभर उंचीची माणसं आपापल्या कामाला लागतात. त्या मंडळींनी आपल्या चिमुकल्या हॅम्बुर्गात या संगीतगृहाची प्रतिकृती २०१३ मध्येच उभी करून मोकळी केली. खरी इमारत यायला आणखी तीन वर्षं लागली. म्हणजे शिस्त मोडली ती खऱ्याच्या बाजूला, खोट्याच्या बाजूला काम वेळेच्या आतच झालं होतं. आणि इमारत उघडल्यावर काय? वर्षानुवर्षं शिव्या घालणारं गाव तिकिटांच्या रांगेत उभं राहिलं. कमानीसारखा वाकत जाणारा लांबलचक सरकता जिना चढून सदतीस मीटरवरच्या गच्चीत जायचं आणि बंदर बघत वाऱ्यात उभं राहायचं, हा तिथल्या लोकांचा रविवारचा कार्यक्रम झाला. ७.७ कोटींचा आकडा आता कुणाला रागाने आठवत नाही, ११८९ इतकाच तो आपलासा झाला आहे.

सगळ्याच थापा अशा फळतात असा दावा नाही. एल्बकाठीच एल्बटॉवर नावाची २४५ मीटरची गगनचुंबी इमारत चढत होती. २०२३ मध्ये तिच्यामागच्या कंपनीचे पैसे संपले आणि शंभर मीटरच्या आसपास काम जागच्या जागी थांबलं. पूर्वी महापौर असलेल्या आणि पुढे चॅन्सेलर झालेल्या ओलाफ शोल्त्स यांच्या कारकिर्दीत ही योजना पुढे आली होती, तेव्हा लोकांनी त्या अर्धवट खांबाचं बारसं ‘बुटका ओलाफ’ असं करून टाकलं. आता आधीच्यापेक्षा कमी उंचीवर इमारत पुरी करायची आणि तिच्या एका भागात निसर्गविज्ञानाचं संग्रहालय हलवायचं असा बेत चालला आहे. सांगाड्यांना सांगाड्यातच बिऱ्हाड मिळेल, आणि वेळापत्रक चुकलं तरी तक्रार करणारं भाडेकरूंमध्ये कुणी नसेल.